टोळीप्रमुख मीटरकाका

वीज कंपनीतून निवृत्त झाल्यावर आठ महिन्यांतच मीटरकाकांनी बायकोला अगदी जेरीस आणलं. तेहतीस वर्षं त्यांनी गावभर हिंडून विजेचे मीटर वाचले होते. खरं नाव पेन्शनच्या कागदांवर होतं आणि तिथेच राहिलं. लहानथोर सगळे त्यांना मीटरकाकाच म्हणत. दर महिन्याला प्रत्येक दारात जायचं, आकडा टिपायचा आणि टिपता टिपता दोन गोष्टी सांगायच्या, चार ऐकायच्या, हा त्यांचा नेम. आता दारं बंद झाली आणि बोलण्याचा सगळा लोट एकट्या बायकोच्या अंगावर आला.

"सकाळपासून अकरा वेळा फ्रिज उघडलास," ते म्हणत. "इस्त्री चालू ठेवून फोनवर बोललीस. चौदा मिनिटं."

शेवटी एक दिवस तिने हातातली इस्त्री आपटली. "अहो, बाहेर काहीतरी काम बघा. कुठलंही चालेल. नाहीतर मी तरी बघते."

काम मिळालं ते 'बहुसंस्कृती ग्राम व निसर्ग केंद्रा'त.

त्याचं असं झालं होतं, की आपण फार सुंदर आहोत असा त्या देशाला अचानक शोध लागला होता. एवढे दिवस उकाडा, डास आणि शेजारी म्हणून ज्यांचा त्रास होता, त्यांनाच यापुढे निसर्ग आणि संस्कृती म्हणायचं असं वरच्या पातळीवर ठरलं. परदेशांत जाहिराती लागल्या. विमानं भरभरून माणसं येऊ लागली. मीटरकाकांच्या गावाबाहेर, नदीच्या वळणावर, जिथे वीज कंपनीचे जुने खांब गंजत पडलेले असत, तिथे पाच झोपड्या, एक खणलेलं तळं आणि एक तिकीटघर उभं राहिलं. फाटकावर पाटी होती : 'पाच संस्कृती, एक अरण्य, तीन तास.'

गावात पाच तऱ्हेची माणसं होती हे खरंच. डोंगराकडचे, नदीकडचे, बोटीने आलेले, रेल्वेबरोबर आलेले, आणि कुठून आलो ते न आठवणारे. यातला प्रत्येक जण आपणच सगळ्यांत आधी आलो असं सांगे, आणि त्यापलीकडे या विषयावर कोणी फारसं डोकं चालवत नसे.

केंद्राचे साहेब राजधानीतून आलेले, तरुण, कपाळावर कायम काळा चष्मा चढवलेला. मीटरकाकांच्या अर्जाकडे त्यांनी पाहिलंच नाही. चेहऱ्याकडे पाहिलं. तेहतीस वर्षांच्या उन्हाने तो चेहरा असा रापला होता, असा सुरकुतला होता, की साहेब खुर्चीवरून उठून जवळ आले.

"चेहरा आहे," ते म्हणाले. "दाढी वाढवा. तुम्ही डोंगराकडच्यांचे टोळीप्रमुख."

"पण साहेब, मी डोंगराकडचा नाही. माझे आजोबा रेल्वेचे रूळ टाकायला आले होते."

"काका, पर्यटकाला खरं नको असतं. ओळखू येईल असं हवं असतं."

बाकावर मीटरकाकांच्या शेजारीच डोंगराकडचे एक गृहस्थ बसले होते, बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर. चष्मा, कडक इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेनं. साहेबांनी त्यांना डोळे बारीक करून न्याहाळलं आणि मान हलवली. "यांच्यात डोंगर दिसत नाही." कॅशियरना नदीकडच्यांच्या झोपडीत पाठवलं गेलं. तिथे दिवसभर जाळं विणत बसायचं होतं. गृहस्थांना माशाच्या वासाने मळमळायचं, म्हणून जाळं दर आठवड्याला साबणाने धुऊन मिळेल अशी अट त्यांनी लेखी घालून घेतली.

मीटरकाकांना पिसांचा टोप मिळाला. पिसं कोंबड्यांची, लाल-निळी रंगवलेली. कमरेला पडद्याच्या कापडाचं काहीतरी, गळ्यात लाकडी मणी, हातात काठी. मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचं, डोळ्यांवरचा चष्माही काढायचा. चष्मा काढल्यावर त्यांना दहा पावलांपलीकडचं धूसर दिसे, त्यामुळे नजर आपोआपच दूर कुठेतरी लागल्यासारखी वाटायची. साहेब बेहद्द खूश झाले.

शेवटची अट सगळ्यांत अवघड होती. टोळीप्रमुखाने बोलायचं नाही. ओंडक्यावर बसायचं, लोक आले की उजवा हात वर करायचा आणि छातीतून 'हूं' म्हणायचं. बाकीचं सगळं निवेदिका सांगणार.

घरी जाऊन त्यांनी बायकोला हे सांगितलं तेव्हा ती भाजी चिरायची थांबली.

"म्हणजे गप्प बसायचा पगार?"

"हो."

"आधी कळलं असतं तर मीच दिला असता."

दिवसाला चार गाड्या यायच्या. निवेदिका हसतमुख पोरगी होती, सगळं पाठ केलेलं. "हे टोळीप्रमुख," ती सांगायची, "यांचं वय कोणालाच माहीत नाही. यांनी आयुष्यात कधी विजेचा दिवा पाहिलेला नाही." तेहतीस वर्षांत तीन वेळा शॉक खाल्लेले मीटरकाका हात वर करून 'हूं' म्हणायचे. लोकांच्या अंगावर काटा यायचा. एका बाईंच्या डोळ्यांत तर पाणी आलं, त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आपण काय गमावून बसलोय बघ." नवरा तेव्हा मोबाइलला चार्जिंग कुठे मिळेल ते शोधत होता.

झोपड्यांच्या मागे अरण्य होतं. म्हणजे दोनशे पावलांची फरसबंद वाट, दोन्ही बाजूंना कुंडीतून काढून लावलेली झाडं आणि एका फांदीला बांधलेला ध्वनिवर्धक, ज्यातून पक्षी ओरडत. खरे पक्षी लांबच्या झाडांवरून येऊन त्या ध्वनिवर्धकाशी भांडत. एकदा नदीतून एक भलीमोठी घोरपड वर आली आणि वाटेच्या मधोमध ऊन खात पसरली. माणसं किंचाळत बसमध्ये जाऊन बसली. साहेबांनी वनखात्याला फोन लावला आणि घोरपडीला उचलून नेण्यात आलं. ती माहितीपत्रकात नव्हती.

मीटरकाकांनी हे सगळं पाच महिने निभावलं. पाच महिने म्हणजे त्यांच्या हिशेबाने जन्मठेपच. बोलायचं इतकं साचलं होतं, की दुपारच्या सुट्टीत ते कॅशियरना गाठून धडाधड सुरू व्हायचे आणि कॅशियर जाळ्यामागे तोंड लपवायचे.

मग तो मंगळवार आला. साहेब बैठकीला राजधानीत गेले होते. अकराच्या गाडीने बावीस माणसं आली. उकाडा असा, की बसल्या जागी माणूस विरघळावा. पण टोळीप्रमुखाच्या झोपडीत छपराच्या गवतात चार पंखे लपवलेले होते, त्यामुळे लोक तिथे रेंगाळत. निवेदिका नेमकी विजेच्या दिव्याच्या वाक्यापाशी आली आणि खट्ट आवाज होऊन पंखे बंद पडले. अरण्यातले पक्षीही एका झटक्यात गप्प झाले.

पहिली दोन मिनिटं लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमच असेल. मग घाम गळायला लागला. निवेदिकेने साहेबांना फोन लावला, तो लागेना. तिकीटघरातला माणूस तिकीटघरातलंच एक बटण खालीवर करत बसला. ओंडक्यावर मीटरकाका चुळबुळत होते. जळक्या वायरचा वास त्यांच्या नाकाने केव्हाच पकडला होता.

तिसऱ्या मिनिटाला टोळीप्रमुख उठले. काठी निवेदिकेच्या हातात दिली, झोपडीमागे गेले, पेटी उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कडाडले, "कोणत्या शहाण्याने पाण्याचा पंप आणि पंखे एकाच फ्यूजवर टाकलेत? आणि ही वायर आहे की सुतळी?"

पाच मिनिटांत पंखे सुरू झाले. बावीस माणसं तोंडाचा आ करून बघत होती. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळेच वाजवू लागले. त्यांच्यात एक उंच, सडसडीत बाई होत्या, शाळा तपासण्यात आयुष्य गेलेल्या. त्या पुढे आल्या आणि वर्गात प्रश्न विचारावा तसं विचारलं, "तुम्ही खरे कोण?"

निवेदिका डोळ्यांनी 'नको, नको' करत होती. पण धरण फुटलं होतं. मीटरकाकांनी खिसा नसलेली कमर सवयीने चाचपली, चष्मा नाही हे लक्षात आलं, आणि ते तसेच सुरू झाले. तेहतीस वर्षं, गावातलं प्रत्येक दार. कोण मीटर चपलांच्या कपाटामागे लपवतो, कोण देवासारखा फुलं घालून ठेवतो. कोणाकडे ते येताना दिसले की पंखा बंद होतो आणि घरातल्या आजोबांना कागदाने वारा घालत बसवतात.

"आणि पाच संस्कृती?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"पाचही जण एकाच खांबावरून वायर घेतात, बाई," मीटरकाका म्हणाले. "आणि पाचही जणांना वाटतं, दुसऱ्याला व्होल्टेज जास्त मिळतंय."

बाईंनी हे वहीत लिहून घेतलं आणि जाहीर केलं, की आम्हाला तो खांब बघायचा आहे. उरलेल्या एकवीस जणांनीही तेच धरलं. मीटरकाकांना तर पंखच फुटले. कपडे बदलावेत तर कपड्यांच्या खोलीची किल्ली साहेबांबरोबर राजधानीत गेलेली. तशाच अवतारात, टोप काखोटीला मारून, ते बसमध्ये चढले; मागोमाग काठी सांभाळत निवेदिकाही. रस्त्यात हादऱ्याने टोप सारखा पडू लागला तेव्हा त्यांनी तो वैतागून पुन्हा डोक्यावर चढवला.

बस गल्लीच्या तोंडाशी थांबली. ते खाली उतरले मात्र, कोपऱ्यावरच्या घरातून आरोळी आली, "मीटर आला!" आणि तीन घरांत धडाधड बटणं बंद झाली. ही स्वागताची जुनी पद्धत असावी, असं दोघातिघांनी टिपून घेतलं. शिंपी मशीन सोडून दारात आला आणि हसून हसून उंबऱ्यावरच बसला. मीटरकाकाही हसत होते. हा खांब, ही वायर, इथे दोन भाऊ एका मीटरवरून कोर्टात गेले, इथे बोटीने आलेल्यांची मुलगी आणि नदीकडच्यांचा मुलगा, दोघांची घरं समोरासमोर, आधी दिव्यांच्या खुणा, मग लग्न. माणसं माना वळवून वळवून बघत होती. असं ऐकणारं माणूस त्यांना आयुष्यात मिळालं नव्हतं.

गल्लीच्या मध्यावर नर्सबाईंचं घर होतं. डोंगराकडच्या. इस्पितळात सारा जन्म गेला, आता एकट्याच राहत. तेहतीस वर्षं दर महिन्याला त्यांनी मीटरकाकांना खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं, एकदा कुत्रा चावला तेव्हा जखम धुऊन दिली होती. त्या 'मीटरभाऊ' म्हणत, आणि ते नातं दोघांनीही मानलेलं.

नर्सबाई दारात आल्या. त्यांनी पिसांकडे पाहिलं, मण्यांकडे पाहिलं, कमरेच्या पडद्याकडे पाहिलं.

"हे काय सोंग, मीटरभाऊ?"

"नोकरी आहे, बाई. केंद्रात. टोळीप्रमुख." ते हसले.

"कोणाचा?"

उत्तर निवेदिकेने दिलं, हौसेने. "डोंगराकडच्यांचे!"

"अस्सं," नर्सबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "माझे वडील पोस्टात होते. आजोबा शाळेत शिकवायचे. आमच्या घरात डोक्याला पीस कोणी लावलं असेल तर ते उशी फाटली तेव्हा. तुम्हाला हे माहीत नव्हतं होय? तुम्ही तर आमच्या घरात खुर्चीवर बसून गेलात."

तेवढ्यात एका पर्यटकाने कॅमेरा वर केला. नर्सबाईंनी पदराआडून आपला मोबाइल काढला. "थांबा," त्या म्हणाल्या, "आधी मी तुमचा काढते." आणि त्यांनी खरोखरच काढला, सावकाश, बावीस जणांचा, एकेकाला 'जरा डावीकडे सरका' सांगत. माणसं ओशाळी होऊन उभी राहिली. तपासनीस बाईंनी वही मिटली.

नर्सबाई आत गेल्या, पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि तो उंबऱ्याबाहेर धरला. मीटरकाका उभ्याउभ्याच पाणी प्याले. खुर्ची आतच राहिली.

संध्याकाळी ते घरी आले ते एक अक्षर न बोलता. जेवताना बोलले नाहीत, फ्रिज उघडला तरी बोलले नाहीत. बायको घाबरली. "आता तर पगाराची वेळ नाहीये," ती म्हणाली, "मग गप्प का?"

त्यांनी सांगितलं. ती बराच वेळ ताट पुसत राहिली. "मी हसले होते हो तुमच्या टोपाला," ती म्हणाली. "तो कोणाच्या नावाने घालताय, हे माझ्याही डोक्यात नाही आलं."

दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यायचा या तयारीने ते गेले, तर साहेबांनी त्यांना मिठीच मारली. बावीसच्या बावीस जणांनी केंद्राला पाचपैकी पाच तारे दिले होते. 'मला खरा देश भेटला,' एकाने लिहिलं होतं. साहेबांच्या डोळ्यांत नवं तिकीट चमकत होतं. नाव ठरलंही होतं : 'खरीखुरी गल्ली, दीड तास.'

मीटरकाकांना राजीनाम्याचा विषय काढायची सवड मिळण्याआधीच रंगारी गल्लीत पोचले. डोंगराकडच्यांची घरं पिवळी, नदीकडच्यांची निळी, बाकीच्यांची आणखी कसली कसली. प्रत्येक दारावर पाटी : अमुक कुटुंब, मूळ अमुक, छायाचित्रांची वेळ दहा ते पाच. रंग फुकट मिळतोय म्हणून आधी कोणी कुरकुरलं नाही. पण आठवड्याभरात गल्लीला पाट्या वाचायची सवय लागली. नदीकडच्यांच्या पाटीपेक्षा बोटीने आलेल्यांची पाटी चार बोटं रुंद आहे, असं कोणीतरी मोजून आलं. 'मूळ' हा शब्द एकाच्या पाटीवर ठळक का, यावरून नळावर शब्दाला शब्द वाढला. समोरासमोर राहून दिव्यांच्या खुणा करणाऱ्या त्या जोडप्याच्या घरावर तर दोन पाट्या लागल्या, आणि सासूबाई सुनेच्या पाटीवर ओला टॉवेल वाळत घालू लागल्या. इतकी वर्षं ही माणसं भांडत नव्हती असं नाही. पण एक जण गटारावरून भांडायचा, दुसरा कुत्र्यावरून. आता सगळ्यांना एकच कारण मिळालं होतं, आणि ते दारावर लिहिलेलं होतं.

नर्सबाईंनी रंग लावू दिला नाही. पाटी मात्र त्या बाजारात गेल्या असताना ठोकून गेले.

एका रविवारी दुपारी मीटरकाकांनी जुना खाकी शर्ट काढला, गळ्यात कंपनीचं मुदत संपलेलं ओळखपत्र अडकवलं, स्क्रू-ड्रायव्हर आणि घडीची शिडी घेतली. बायको म्हणाली, "मी शिडी धरते. तुम्ही पडलात तर मलाच निस्तरावं लागेल." दोघं गल्लीत आले.

"काय चाललंय, मीटरकाका?" शिंप्याने विचारलं.

"मेंटेनन्स."

या एका शब्दापुढे त्या गल्लीत तेहतीस वर्षांत कोणी काही विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. कोणी स्टूल दिलं, कोणी पावसाने गंजलेल्या स्क्रूवर तेल सोडलं. दोन तासांत सगळ्या पाट्या खाली आल्या. सर्वांत शेवटी नर्सबाईंचं दार. त्या आत बसून बघत होत्या. पाटी निघाल्यावर भिंतीत चार भोकं राहिली.

"ती बुजवून द्या," त्या आतून म्हणाल्या.

"देतो."

"आणि मग आत या. वहिनी, तुम्हीही या. शिडी बाहेर ठेवा."

खुर्ची दिली. पाणी दिलं. मग मीटरकाका म्हणाले, "बाई, चुकलंच माझं." नर्सबाई म्हणाल्या, "चुकलंच," आणि विषय तिथे ठेवला.

साहेबांनी मीटरकाकांना काढून टाकलं. टोळीप्रमुखाच्या जागेवर नवीन माणूस आला, वाण्याच्या दुकानातला वजनकाट्यावरचा. त्याचाही चेहरा चांगला होता आणि तो जन्मतः अबोल होता. पाट्या पोत्यात भरून मीटरकाकांनी केंद्रावर नेऊन दिल्या. गल्लीतल्या तीन घरांनी आपापल्या पाट्या तिथून गुपचूप परत नेल्या आणि मोठ्या करून लावल्या. त्यांतलं एक घर शिंप्याचं होतं.

मीटरकाका पुन्हा घरी बसले. एक दिवस बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की आपण या देशातलं अरण्य कधी पाहिलेलंच नाही. जिथवर तारा तिथवर ते गेले होते; गावाबाहेरचा शेवटचा खांब आला की वही मिटून परत. बायकोने तर त्या खांबापर्यंतचंही काही पाहिलं नव्हतं. नर्सबाई मूळच्या वरच्या गावच्या, त्यांना ठाऊक असेल म्हणून विचारलं.

"मला काय विचारता? मी चार वर्षांची असताना खाली आले. चला, येते मीही."

साध्या एसटीसारख्या खडखडत्या बसने तिघं डोंगरावर गेले. रस्ता संपला तिथून पायवाट. झाडं एवढी उंच, की वर पाहताना मीटरकाकांचा चष्मा घसरला. पायाखाली ओला पाला, सगळीकडून पाणी ठिबकल्याचा आवाज. अर्ध्या तासात बायकोच्या घोट्याला एक जळू चिकटली. नर्सबाईंनी ती नखाने अलगद सोडवली. झाडावर कुठलातरी पक्षी एकच सूर धरून ओरडत होता. त्याचं नाव तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

"इथे बघायचं काय असतं हो?" बायकोने हळूच विचारलं.

"कोण जाणे," मीटरकाका म्हणाले. पण वर बघतच राहिले, आणि पुढची दहा मिनिटं आपणहून, कोणी न सांगता, गप्प होते.

मागून माणसांचा गलका आला. रंगीत टोप्या, कॅमेरे, पुढे एक वाटाड्या, हातात छोटा झेंडा. तो यांच्यापाशी थांबला आणि तिघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "तुम्ही इथले का?"

मीटरकाकांनी नर्सबाईंकडे पाहिलं. नर्सबाईंनी बायकोकडे पाहिलं.

"नाही," नर्सबाई म्हणाल्या. "आम्ही बघायला आलोय."

"मग जरा बाजूला व्हा ना," वाटाड्या म्हणाला. "फोटोत येताय."

तिघं बाजूला झाले.